पायाखालची जमीन: गोव्यातल्या शेतात, भाटात आणि सड्यावर काम करणाऱ्यांचे नेहमीचे प्रश्न

डिचोली तालुक्यात आमचे भाट (माडा-पोफळीची बागायत) आहे, खाली नदीकाठी थोडे खाजन (बांध घालून भरतीपासून राखलेली सखल शेती) आहे. काही वर्षांपूर्वी माझा पाय मांडीपर्यंत जमिनीत गेला (तो प्रसंग प्रश्न ९ मध्ये आहे). तेव्हापासून जमिनीबद्दल मी ज्याला-त्याला विचारत आले आणि हळूहळू लोकच मला विचारू लागले. पुन्हा पुन्हा आलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. शक्यतो विचारणाऱ्यांच्याच शब्दांत ठेवले आहेत.

१. गोवा तर जांभ्याच्या दगडाचा. इथे जमीन खरंच खचते का?

खचते. आणि वर दगड दिसतो म्हणूनच आपण गाफील राहतो. सड्यावरचा (उघड्या पठारावरचा) काळपट-तांबडा जांभा हे नुसते कवच आहे. चिरे (बांधकामाचे जांभ्याचे दगड) काढणाऱ्या कोणालाही विचारा. खाली जावे तसा दगड मऊ होत जातो, मग ठिपक्याठिपक्यांची चिकट माती लागते आणि तिच्याखाली पांढरट, पिवळी, कधी जांभळट अशी शेडी. बोटांत घेतली तर साबणासारखी गुळगुळीत. ही शेडी कोरडी असेपर्यंत घट्ट उभी राहते, वाहते पाणी लागले की सुटत जाते.

गोव्यात वर्षाला सरासरी ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या ४ महिन्यांत. ते पाणी जांभ्याच्या भेगांतून शेडीपर्यंत उतरते, उताराच्या अंगाने वाट काढते आणि बाहेर पडताना माती सोबत नेते. आत भुयार तयार होते, वर कवच तसेच राहते. केरळातल्या डोंगराळ भागात हाच प्रकार मोठ्या प्रमाणावर होतो. तिरुवनंतपुरमच्या राष्ट्रीय पृथ्वी विज्ञान अध्ययन केंद्राने त्याचा बराच अभ्यास केला आहे.

आपल्याकडचे उदाहरण हवे असेल तर कोकण रेल्वेचा पेडण्याचा बोगदा आठवा. बांधतानाच तिथल्या मऊ मातीने अभियंत्यांना रडकुंडीला आणले होते. ऑगस्ट २०२० मध्ये आतली भिंत ढासळली, जुलै २०२४ मध्ये चिखलपाणी आत शिरून गाड्या थांबल्या.

२. सिंकहोल, दलदल, खचलेला खड्डा हे सगळं एकच ना?

नाही, आणि फरक कळला तरच उपाय कळतो. दलदलीत माती मुळातच मऊ असते आणि माणूस रुतत जातो. खाजन, मानशीजवळची (बांधातल्या पाण्याच्या दाराजवळची) कोंड म्हणजे डोह, खाणीचा गाळ ही त्याची ठिकाणे. पोकळीवर मात्र जमीन शेवटच्या क्षणापर्यंत टणक असते आणि एकदम जाते. सड्याखालचे भुयार, जुनी झाकलेली विहीर, शौचखड्डा हे त्यातले. चुनखडी विरघळून होणारे सिंकहोल परदेशी व्हिडिओंत दिसतात. गोव्यातले खड्डे बहुतेक माती वाहून गेल्याने किंवा माणसाने खणून विसरल्याने पडतात.

३. सगळ्यात जास्त धोका कधी असतो?

सलग ३-४ दिवस मुसळधार पडून उघडीप झाली की. लोक नेमके तेव्हाच बाहेर पडतात, पडलेले नारळ गोळा करायला, गडगा (दगडी कुंपण) बघायला. माती तेव्हा पाण्याने जड झालेली असते आणि खालून पाणी वाहतच असते. खाजनात पावसाइतकीच तिथी महत्त्वाची. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास मोठी भरती येते आणि गोव्याच्या किनाऱ्यावर भरती-ओहोटीतला फरक २ मीटरच्या घरात जातो. त्यात जोराचा पाऊस आला तर बांधावर दोन्हीकडून भार येतो. कोरड्या दिवसांतल्या धोक्यासाठी प्रश्न १४ वाचा.

४. कामाला लागण्याआधी जमिनीवर काय बघायचं?

आधी पाणी बघा, मग माती. पाऊस पडत असताना छत्री घेऊन एक फेरी मारा, उन्हाळ्यात दहा फेऱ्या मारून दिसणार नाही ते एका फेरीत दिसते. शेतातले पाणी एखाद्या जागी छोटा भोवरा करून नाहीसे होत असेल तर खाली त्याला वाट मिळाली आहे. मग ते बाहेर कुठे निघते ते शोधा. उताराच्या पायथ्याशी, व्हाळाच्या (ओढ्याच्या) काठाला किंवा गडग्याच्या बुडाशी नवा झरा फुटला असेल तर त्याचे पाणी ओंजळीत घ्या. नितळ असेल तर पावसाळ्यातली साधी झर. गढूळ असेल तर ते पाणी तुमची जमीन घेऊन चालले आहे, आणि वरच्या अंगाला त्याच रेषेत काम बंद करायचे.

मातीवरच्या खुणा हळू दिसतात. सरळ गडगा मध्येच बसला, कुंपणाचा खांब कलला, सरळ वाढणारी पोफळ एका पावसाळ्यात वाकली, जमिनीवर कमानीसारखी भेग पडली, तर जपा. सरळ भेग उन्हाने पडते, गोलाकार भेग खाली काही बसत असल्याचे सांगते. फेब्रुवारी-मार्चमध्ये सगळे गवत पिवळे पडले असताना एखादा गोल तुकडा हिरवागार राहिला तर तिथे ओल साठते, म्हणजे बहुतेक वेळा जुना खड्डा.

वारुळे आणि साळींदराची बिळेही बघा. बीळ स्वतः फार मोठे नसते, पण पाण्याला आत शिरायला तेवढे दार पुरते.

५. पहारीने जमीन तपासतात म्हणे. ती कशी?

पाच-सहा फुटी पहार घ्या. स्वतः खात्रीच्या जागी उभे राहा आणि हात पुढे करून पहार उभी धरा, एक फूट उचला आणि तिच्याच वजनाने पडू द्या. जोर लावायचा नाही, नुसते ऐकायचे. घट्ट जांभ्यावर 'ठण' वाजते आणि कोपरापर्यंत झिणझिण्या येतात. चांगल्या मातीत 'खच्च' करून दोन-तीन बोटे रुतते. पोकळीवर मात्र रिकाम्या मडक्यावर थाप मारावी तसा 'धब्ब' आवाज येतो आणि हाताला झिणझिणी येत नाही, कारण धक्का खालीच विरतो. हा फरक एकदा तरी अनुभवावा. घराच्या पायरीवर आणि मग शौचखड्ड्याच्या फरशीच्या कडेला पहार टेकवून बघा, कानाला कायमचा लक्षात राहतो.

समोर, थोडे डावीकडे, थोडे उजवीकडे अशा तीन ठिकाणी तपासून मग एक पाऊल टाका. पहार एकदम सुटून आत गेली तर तिच्यामागे झुकू नका, सोडून द्या आणि आलेल्या पावलांवरूनच मागे या. विजेची केबल किंवा पाण्याची पाइप गेलेल्या पट्ट्यात हे करू नका.

या तपासणीने माणसाचे वजन पेलेल का ते कळते. यंत्राचे कळत नाही, त्यासाठी प्रश्न १२.

६. खाजनात बांधावरून चाललं तर सुरक्षित ना?

बहुतेक वेळा हो, सगळीकडे नाही. गोव्यात सुमारे १८,००० हेक्टर खाजन असल्याचे सांगतात. ही सगळी जमीन भरतीच्या पातळीखालची, नदीच्या तोंडातून काढून बांधाने राखलेली. बांध चिखलाचा, गवताकाडीचा, कुठे जांभ्याचे दगड लावलेला. त्याचा जुना शत्रू म्हणजे खेकडा. खेकड्याचे बीळ एका अंगाने शिरून दुसऱ्या अंगाला निघाले की भरतीचे पाणी त्यातून येऊ लागते आणि दर भरतीला भोक थोडे वाढते. वरून बांध धड दिसतो, आतून पोकळ असतो. म्हणून बांधावर चालताना नजर पायाखाली नको, आतल्या कुशीवर ठेवा. भरतीच्या वेळी तिथे पाणी झिरपताना दिसले, विशेषतः गढूळ, तर तेवढा भाग टाळा आणि त्याच दिवशी कळवा (प्रश्न १३).

मानशीजवळ दुप्पट सांभाळा. दारातून पाणी जोराने जाते तिथे तळाला खोल कोंड पडते. दोन हातांवर गुडघाभर पाणी आणि इथे डोक्यावरून, असा प्रकार. कोंडीच्या काठाचा चिखल पाण्याखाली आतून खाल्लेला असतो. मासे धरायला लोक नेमके तिथेच उभे राहतात. आणि कुंभारजुवे खाडीच्या आसपासच्या खाजनात मगरी आहेत, तिथे गुडघ्याच्या वर पाण्यात एकट्याने उतरूच नये.

७. चिखलात कमरेपर्यंत रुतलो तर काय करू?

पाय सरळ वर ओढू नका. पाय ओढला की खाली पोकळी होते आणि चिखल आणखी घट्ट धरतो. ॲमस्टरडॅम विद्यापीठातल्या संशोधकांनी २००५ साली रुतवणाऱ्या वाळूवर प्रयोग केले. त्यात दिसले की माणूस साधारण कमरेपर्यंतच जातो, कारण वाळू-पाण्याचे मिश्रण शरीरापेक्षा खूप जड असते. पण सेकंदाला १ सेंटिमीटर या गतीने पाय ओढून काढायला एखादी मोटार उचलण्याइतका जोर लागतो. आपला चिखल वाळूपेक्षा वेगळा असला तरी धडा लागू पडतो. माणूस चिखलात बुडून मरत नाही. अडकलेला असताना भरती आली, तर मरतो. बांधाबाहेर किंवा खाडीकाठी असाल तर भरतीची वेळ आधीच माहीत हवी.

पाठीवरचे ओझे टाका. मागे रेला, जवळजवळ उताणे व्हा, हात पसरा. गमबूट अडकला असेल तर बुटाचा नाद सोडा. एका पायाला छोटे-छोटे हेलकावे द्या, पायाच्या बाजूने पाणी आत शिरू द्या, मग तो सावकाश आडवा वर येतो. दुसराही तसाच. नंतर उभे न राहता सरपटत, लोळत घट्ट जागी या. अर्धा तास लागला तरी लागू द्या.

८. शेजारी माझ्यासमोर आत गेला. मी धावत जाऊन हात देऊ?

धावू नका. ज्या जमिनीने त्याला पेलले नाही ती तुम्हालाही पेलणार नाही, आणि दोघे आत गेलात तर बोलवायला कोणी उरणार नाही. आधी ११२ लावा. अग्निशमन दल १०१ वर, रुग्णवाहिका १०८ वर. वाडा (गावातली आपली वस्ती) आणि जवळची खूण नीट सांगा, भाटातल्या वाटा शहरातून येणाऱ्या गाडीला सापडत नाहीत. एकाला हमरस्त्यावर उभे करा.

मग आडवे व्हा आणि जे मिळेल ते पुढे सरकवा. फळी, शिडी, दार, तेही नसेल तर माडाची चार-पाच चुडते एकावर एक. दोरीचा फास काखेखालून घ्यायला सांगा, हाताला किंवा मनगटाला बांधू नका. ट्रॅक्टर लावून ओढणे तर मुळीच नको, खांदे निखळतात. खड्ड्याच्या कडेला गर्दी जमली की कड आणखी तुटते, बघ्यांना दूर पिटाळायचे काम एकाला द्या. बाहेर काढल्यावर लगेच चालवू नका. पाय बराच वेळ दाबले गेले असतील तर तो माणूस बरा दिसला तरी डॉक्टरकडे न्यायलाच हवा.

विहीर, शौचखड्डा किंवा गोबरगॅसची टाकी असेल तर कोणीही आत उतरायचे नाही, कितीही जवळचा असला तरी. तिथे वायू असतो. जुन्या विहिरीच्या तळाशी प्राणवायू कमी पडून कार्बन डायऑक्साइड साचतो, माणूस दोन-चार श्वासांत कोसळतो. पेटता कंदील खाली सोडून बघायची जुनी रीत विहिरीपुरती काही अंशी खरी, पण सडक्या अंड्याच्या वासाचा विषारी वायू तिने कळत नाही, आणि तो जास्त असला की नाकाला वास येणेही बंद होते. शौचखड्ड्यावर तर ज्योत नेऊच नका, मिथेन पेट घेतो. एकाला वाचवायला दुसरा, दुसऱ्याला वाचवायला तिसरा उतरला अशा बातम्या आपण दरवर्षी वाचतो. ही गोष्ट घरातल्या पोरांनाही तोंडपाठ असू द्या.

९. जुनं घर आणि भाट घेतलंय. विहीर-खड्डे कुठे आहेत हे कसं कळणार?

माझा पाय गेला तो अशाच जागी. चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) आधीचे दिवस, तीन दिवस पाऊस लागून थांबलेला. न्हाणीच्या मागे दोन माडांच्या मध्ये नारळ पडला होता, तो उचलायला वाकले आणि डावा पाय मांडीपर्यंत आत. खाली न्हाणीच्या पाण्याचा जुना खड्डा होता. आजोबांच्या काळात त्यावर माडाचे ओंडके आडवे टाकून माती लोटली होती. ओंडके कुजले, वर गवत वाढले, आणि त्या जागेवरून आम्ही कित्येक वर्षे रोज जात होतो. मी वाचले ते उजवा गुडघा बाहेर अडकला म्हणून. संध्याकाळी आई म्हणाली, "अगं, तिथे खड्डा होता ना, तुला माहीत नव्हतं?" तिला कोणी विचारलेच नव्हते.

म्हणून पहिले काम म्हणजे विचारणे. आधीच्या मालकाला, मुंडकाराला (मालकाच्या जमिनीत घर करून राहणाऱ्याला), पाडेल्याला (नारळ पाडणाऱ्याला), शेजारच्या सर्वांत म्हाताऱ्या बाईला. पाणी कुठून भरायचे, न्हाणीचे पाणी कुठे जायचे, संडास कुठे होता, चिरे कुठून काढले, कोणता माड वठून पडला, असे एकेक विचारा. "धोका कुठे आहे?" असे विचारले तर कोणाला काही आठवत नाही. एक-चौदाचा उतारा (जमिनीच्या हक्कांची नोंद) आणि सर्व्हे प्लॅन काढा, काही विहिरी प्लॅनवर दाखवलेल्या असतात, पण नसली म्हणजे विहीर नाहीच असे समजू नका. मग संशयाच्या जागी प्रश्न ५ ची पहार.

सापडलेल्या जागेवर पत्रा किंवा फळ्या टाकून माती ओढू नका, तुम्ही पुढच्या पिढीसाठी सापळा लावता आहात. भरून काढा (प्रश्न ११) नाहीतर कठडा बांधा. बंद पडलेल्या बोअरवेल तळापासून वरपर्यंत माती, वाळू, दगडांनी भरून घ्याव्यात, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१० सालीच सांगितले आहे. नवी विहीर किंवा बोअर घ्यायची तर गोवा भूजल नियमन कायदा, २००२ खाली परवानगी लागते.

१०. बंद चिरेखाण किंवा मायनिंगचा खड्डा शेजारी आहे. किती लांब राहू?

चिरेखाणीची भिंत सरळ कापलेली असते आणि पाणी साठले की खालचा मऊ थर आधी झडतो. वर कठीण जांभ्याची पडवी पुढे आलेली राहते, गवतामुळे तिची कड दिसत नाही. निदान खाणीच्या खोलीइतके अंतर सोडा. खोली माहीत नसेल तर आणखी लांब. पोहायला उतरणाऱ्यांना थांबवा. तळाला पायऱ्यापायऱ्यांनी एकदम खोली वाढते आणि चढायला धरायला काही नसते. पावसाळ्यात जिल्हाधिकारी अशा ठिकाणी मनाई आदेश काढतात ते उगाच नव्हे.

डिचोली, सत्तरी, सांगे, केपे, धारबांदोडा या तालुक्यांत खनिज धुतल्याचा बारीक गाळ ज्या तळ्यांत सोडत, त्यांची वेगळी भीती वाटते मला. वरचा थर उन्हाने वाळून तडकतो, क्रिकेटच्या मैदानासारखा दिसतो, त्यावर गवतही उगवते. खाली मात्र शेणकाल्यासारखा रबरबीत गाळ वर्षानुवर्षे तसाच असतो. २०१२ मध्ये आणि पुन्हा २०१८ मध्ये खाणी थांबल्या, तेव्हा राबता बंद झाला आणि झाडोऱ्याने अशा कितीतरी जागा झाकल्या. तिथे पहारीवरही विश्वास ठेवू नका. जाऊच नका.

११. खड्डा पडलाय. डंपरभर माती आणून टाकली की झालं ना?

पुढच्या पावसात ती मातीही जाईल. आधी पाणी कुठून शिरते ते शोधून वरच्या अंगाला चर काढा आणि ते बाजूला वळवा. कडेची सैल माती काढा. मग तळाला मोठे दगड, त्यावर लहान, त्यावर खडी, त्यावर वाळू, आणि सगळ्यात वर चिकट माती ठोकून, आजूबाजूपेक्षा थोडी उंच. म्हणजे झिरपलेले पाणी जाते, माती राहते. घराची पाडलेली भिंत, प्लॅस्टिक, झावळ्या, ओंडके यांतले काही नको, कुजून किंवा दबून पुन्हा पोकळी होते. खड्डा माणसाच्या उंचीपेक्षा खोल असेल, किंवा तळाशी पाणी वाहताना ऐकू येत असेल, तर हे स्वतः करू नका.

१२. पायी चाललो तिथे पॉवर टिलर किंवा जेसीबी नेऊ शकतो का?

त्यावरून ठरवता येत नाही. नेहमीचा बॅकहो जेसीबी साडेसात-आठ टनांचा, शिवाय थरथरतो. पोकळीच्या ज्या छतावरून घरातली माणसे वीस वर्षे चालली ते त्याच्या पहिल्या फेरीत जाते. चालकाला आत बसून जमीन दिसत नाही, म्हणून संशयाच्या जागांभोवती आदल्या दिवशी काठ्या रोवून लाल फडके बांधा आणि त्याला उतरवून प्रत्यक्ष दाखवा. खाजनाच्या जुन्या बांधावर यंत्र चढवू नका. भरलेल्या चिरेखाणीवरही नको, भराव कित्येक वर्षे बसतच राहतो.

१३. कोणाला कळवायचं?

जीव धोक्यात असेल तर प्रश्न ८ मधले क्रमांक. एरवी पंचायत आणि तलाठी, मोठे असेल तर मामलेदार. खाजनाच्या बांधासाठी कूळ संघ किंवा कोमुनिदाद (गावाची सामाईक जमीन सांभाळणारी संस्था), आणि कृषी खात्याचा मृदसंधारण विभाग. खाण-चिरेखाणीसाठी खाण व भूगर्भ खाते. खड्डा भरण्याआधी फोटो काढा, शेजारी पहार उभी करून, म्हणजे खोली कळते. पंचनाम्याला आणि पिकाच्या नुकसानभरपाईला ते लागतात.

१४. पाऊस जाऊन दोन महिने झाले, जमीन खडखडीत. तरी जानेवारीत कशी खचली?

हा प्रश्न लोकांना सर्वांत चकवतो. पोकळीत पाणी भरलेले असते तोवर ते छताला खालून टेकू देत असते. पाण्याची पातळी उतरली की टेकू गेला, छत आता स्वतःच्या बळावर. त्यात वायंगणाला (उन्हाळी भाताला) किंवा कुळागराला (पोफळीच्या बागेला) पाणी म्हणून जवळच पंप चालू झाला, पातळी झपाट्याने खाली गेली, की जमीन कोरडीच्या कोरडी बसते. नवी बोअर चालू झाल्यावर पहिल्या हंगामात आजूबाजूच्या ५०-१०० पावलांवर प्रश्न ४ मधल्या खुणा पुन्हा बघा.

१५. जिथे गुरं चरतात तिथे माणसाला भीती नाही, खरं ना?

अर्धे खरे. गाईचे वजन माणसाच्या चार-पाच पट आणि खूर लहान, तेव्हा ती रोज जाते ती वाट तुम्हाला पेलते. पण वाट म्हणजे वाटच, तिच्या बाजूचे दोन हात नव्हेत. म्हशींवरून मात्र काही ठरवू नका, त्या चिखल शोधूनच जातात. आणि शहाणी गाय एखादी जागा रोज वळसा घालून टाळत असेल, तर ती जागा पहारीने नक्की बघा.

१६. आमचे कामगार कर्नाटक-झारखंडचे. त्यांना कसं सांगायचं?

बोलून नव्हे, चालून. पहिल्या दिवशी हत्यार हातात देण्याआधी सगळे भाट, सगळे बांध त्यांच्याबरोबर फिरा. विहिरीपाशी, लाल फडक्यापाशी, मानशीपाशी थांबा. पहार त्यांच्या हातात द्या आणि 'ठण' व 'धब्ब' त्यांना स्वतः ऐकू द्या, त्याला भाषा लागत नाही. ११२ त्यांच्या मोबाइलवर लावून दाखवू नका, पण क्रमांक आणि आपल्या वाड्याचे नाव त्यांच्याकडून म्हणवून घ्या. आणि पावसानंतरच्या पहिल्या दिवशी कोणालाही एकट्याला पाठवू नका, नारळ गोळा करायलासुद्धा.